झिरो फेस्टिव्हल पहिल्यांदाच? एका रात्रीत चार-पाच इंडी फोक (म्हणजे मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतंत्रपणे लोकसंगीताच्या वळणाचं गाणारे) बँड नीट ऐकायचे असतील तर

पावसाळा सरत आला की मुंबई-पुण्याच्या मित्रमंडळींचे तेच प्रश्न सुरू होतात, झिरोला जायचं कसं, परमिट लागतं का, राहायचं कुठे, आणि एवढा खर्च करून एवढ्या लांब जायचं तर संगीत खरंच ऐकून होतं का की नुसतं चिखलात नाचून परत यायचं. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. यात दरी किती सुंदर आहे वगैरे फार येणार नाही, ते तुम्ही रील्समध्ये बघितलेलंच असेल. माझा भर रात्रीवर आहे, म्हणजे संध्याकाळी अंधार पडल्यापासून शेवटचा बँड स्टेजवरून उतरेपर्यंत जे चार-पाच कलाकार एकापाठोपाठ येतात ते सगळे कान उघडे ठेवून, न थकता, न कुडकुडता ऐकता यावेत यासाठी काय तयारी लागते त्यावर. आणि ती तयारी घरापासूनच सुरू होते.

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. झिरो हे अरुणाचल प्रदेशातल्या लोअर सुबनसिरी जिल्ह्यातलं खोरं, आपातानी लोकांचं. बॉबी हानो आणि मेनव्हूपॉज बँडचा गिटारिस्ट अनुप कुट्टी यांनी २०१२ मध्ये तिथे हा फेस्टिव्हल सुरू केला. सप्टेंबरच्या शेवटी चार दिवस असतो. दोन स्टेज, दिवसाचं डान्यी आणि रात्रीचं पिलो, म्हणजे सूर्य आणि चंद्र. दोन्ही बांबूची, तिथल्याच कारागिरांनी बांधलेली. दिवसाचं स्टेज संपलं की लोक रात्रीच्या स्टेजकडे सरकतात, म्हणजे दोन आवडते बँड एकाच वेळी दोन टोकांना वाजतायत आणि आपण मधे धावतोय असं होत नाही. पुण्याच्या वीकेंडर या संगीत महोत्सवात पाच-सहा स्टेजमधे पळापळ केलेल्यांना हा फरक लगेच कळेल.

१. आधी परमिट, बाकी सगळं नंतर

अरुणाचलमध्ये शिरायला राज्याबाहेरच्या प्रत्येक भारतीयाला इनर लाइन परमिट लागतं. १८७३ च्या इंग्रजांच्या काळातल्या नियमातून आलेली ही पद्धत आहे आणि आजही गेटवर खरोखर तपासतात, त्यामुळे "कोण बघतंय" असं म्हणून निघू नका. अर्ज ऑनलाइन होतो. लागतं एवढंच: आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट यापैकी एकाची नीट दिसणारी स्कॅन कॉपी, पासपोर्ट साइज फोटो, आणि तारखा. तारखा टाकताना मागेपुढे दोन-दोन दिवस जास्तीचे धरा कारण रस्त्यात दरड कोसळून अडकलात तर परमिट संपलेलं नको.

इथे लोक फसतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव वेगळं, वडलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, आपल्याकडे हे फार होतं, तर जे कार्ड जोडताय त्यावर जसं आहे तस्संच लिहा आणि प्रवासातही तेच कार्ड सोबत ठेवा. दुसरं म्हणजे परमिट फक्त फोनमध्ये ठेवणं. दोन प्रिंट काढा. फोन बंद पडतो, रेंज जाते, आणि होमस्टेवालेही कॉपी मागतात.

तुमच्या ग्रुपमध्ये अमेरिकेहून किंवा लंडनहून आलेलं कोणी असेल आणि पासपोर्ट भारतीय नसेल तर त्यांना इनर लाइन परमिट चालत नाही, त्यांना प्रोटेक्टेड एरिया परमिट काढावं लागतं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी हेच. हे नोंदणी असलेल्या टूर ऑपरेटरमार्फत करून घेणं सोपं पडतं आणि वेळ लागतो, त्यामुळे तिकिटं काढायच्या आधी हा विषय काढा. भावंडं-मावसभावंडं मिळून जायचं ठरवतात आणि कॅलिफोर्नियावाली ताई ऐनवेळी गुवाहाटीलाच राहते, असं व्हायला नको.

२. पास आणि राहायची जागा एकत्रच ठरवा

पास घेताना सगळ्या दिवसांचा की एका दिवसाचा ते बघा आणि त्यात कॅम्पिंग धरलंय का वेगळं आहे ते नीट वाचा. मनगटाला बँड बांधला की तो काढायचा नाही, अंघोळ करतानासुद्धा.

राहायचं म्हणाल तर दोन पर्याय, तंबू किंवा होमस्टे. वय विशीत असेल आणि पहिल्यांदा कॅम्पिंगची हौस असेल तर तंबू मस्त, पण माझं स्पष्ट मत होमस्टेकडे आहे, आणि ते संगीतासाठीच. रात्री भिजून-गोठून आल्यावर नीट झोप मिळाली नाही तर दुसऱ्या रात्री तिसऱ्या बँडपर्यंतच डोळे मिटायला लागतात. शिवाय आपातानी घरात मधोमध चूल असते, तिच्यावर बांबूच्या फळ्या टांगलेल्या, त्यावर मांस धुरावर वाळत असतं, आणि सगळं घर त्या चुलीभोवती बसतं. परत आल्यावर बूट तिथे बाजूला उलटे लावून ठेवायचे, मोजे काठीवर, हातात गरम पाणी किंवा लाल चहा. सकाळी बूट कोरडे मिळतात. तंबूत ही सोय नाही.

बुकिंग करताना घरमालकाला एकच प्रश्न आवर्जून विचारा: रात्री परत यायला गाडी आहे का? खोऱ्यात हॉंग, हरी, बुल्ला, हिजा अशी गावं पसरलेली आहेत, शिवाय हापोली हे बाजाराचं ठिकाण. नकाशावर जवळ दिसतं पण रात्री अंधारात, पावसात, अनोळखी रस्त्याने चालायचं म्हणजे वेगळीच गोष्ट आहे. जाताना गाड्या भरपूर मिळतात, परतताना सगळ्यांनाच एकदम हव्या असतात. गाडीवाल्याशी चारही रात्रींचं आधीच ठरवून टाका, वेळ आणि उभं राहायची जागा दोन्ही.

३. पोचायचं एक दिवस आधी

मुंबईहून गुवाहाटीला विमान, तिथून रात्रीची ट्रेन नाहरलगुनला, आणि नाहरलगुनहून शेअर सुमोने झिरो. शेवटचा टप्पा साधारण १०० किलोमीटरचा आहे पण चार तास तरी धरा, घाट आहे आणि पाऊस झाला असेल तर आणखी. इटानगरजवळ होलोंगीचं विमानतळ २०२२ मध्ये सुरू झालंय, त्यामुळे कोलकाता किंवा गुवाहाटीमार्गे थेट तिथेही उतरता येतं, पैसे जास्त जातात पण एक रात्र वाचते.

सुमोच्या सीटा पहाटेच भरतात. दुपारी स्टेशनवर उतरून "मिळेल काहीतरी" म्हणाल तर पूर्ण गाडी करावी लागेल. मागची सीट टाळा, उलटी होते. आलेपाक, लिंबाच्या गोळ्या, जे काही तुम्हाला चालतं ते खिशात ठेवा.

एक दिवस आधी पोचायचा आग्रह मी का धरतेय तर, ज्या दिवशी प्रवास करून येता त्याच रात्री स्टेजसमोर उभे राहिलात तर काही ऐकू येत नाही हो. शरीर गाडीतच असतं. पहिल्या रात्रीचे बँड वाया जातात.

४. घड्याळ आपलं नाही, पूर्वेचं

हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि कुणी सांगत नाही. झिरोत सप्टेंबरअखेर सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. साडेपाचला अंधार. आपल्याकडे त्या वेळी ऑफिसातून निघायची तयारी चाललेली असते. त्यामुळे "रात्रीचं स्टेज" म्हटलं की आपण मनात नऊ वाजता धरतो आणि सावकाश जेवून निघतो, तोवर तिकडे दोन बँड होऊन गेलेले असतात.

त्यात भारतात उघड्यावर लाउडस्पीकरला रात्री १० नंतर बंदी आहे, राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं एवढंच. सवाईची रात्रभर चालणारी मैफल याच नियमाने गेली. म्हणून उघड्यावरचा कुठलाही असा कार्यक्रम लवकर सुरू होतो आणि घट्ट वेळापत्रकावर चालतो. दुपारी तीनला भरपेट जेवा, तासभर झोपा, अंधार पडायच्या आत मैदानात या. रात्रीचं जेवण दोन बँडच्या मधल्या वेळात स्टॉलवर.

५. लाइनअप (कलाकारांची यादी) आल्यावर घरी बसून गृहपाठ

लाइनअप जाहीर झाली की बहुतेक लोक ओळखीचं एक नाव शोधतात आणि बाकीची वीस नावं सोडून देतात. असं करू नका. प्रत्येक रात्रीची यादी काढा आणि प्रत्येकाची दोन-तीन गाणी, तीही लाइव्ह रेकॉर्डिंग, आधी ऐका. स्टुडिओतलं गाणं वेगळं असतं, एकटा माणूस गिटार घेऊन तेच गाणं उघड्यावर कसं गातो ते कळायला हवं.

ऐकताना तीन प्रकार मनात वेगळे ठेवा म्हणजे रात्रीचा अंदाज येतो. एक, एकटा गायक आणि गिटार. उदाहरण म्हणजे ताबा चाके, अरुणाचलचाच, न्यीशी जमातीतला मुलगा, गिटारच्या तारा बोटांनी छेडत गातो, हिंदी-इंग्रजीबरोबर स्वतःच्या भाषेतही. दुसरा, परंपरेतून आलेले पण स्वतःची वाट काढलेले. मणिपूरचे तांगखुल नागा गायक रूबेन माशांगवा यांना ऐका, २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना, तांगखुल लोकगीतं आणि ब्लूज एकत्र आणतात, तिंगतेइला नावाचं तंतुवाद्य वाजवतात. नागालँडच्या तेत्सेओ सिस्टर्स चोक्री भाषेतली 'ली' नावाची लोकगीतं गातात, आवाज आवाजात गुंफलेले. तिसरा प्रकार पूर्ण बँड, ड्रम-बास सगळं असलेला पण मूळ लोकसंगीतात, जसे बेंगळुरूचे स्वरात्मा किंवा काश्मीरचे अलिफ किंवा इंफाळ टॉकीज. ही नावं तुम्हाला प्रकार कळावेत म्हणून दिलीत, यंदाच्या यादीत कोण आहे ते यादीतच बघा.

भाषा कळणार नाही याची भीती नको. पण गाणं कशाबद्दल आहे हे आधी वाचून ठेवलं, पेरणीचं आहे, निरोपाचं आहे, की एखाद्या मोर्चाचं, तर समोर ऐकताना पकड येते.

६. रात्रीची आखणी: पहिल्या बँडपासून

हा सगळ्या लेखातला माझा मुख्य मुद्दा. पहिल्या बँडला हजर राहा. मोठं नाव शेवटी असतं म्हणून लोक शेवटीच येतात, आणि संध्याकाळी लवकर जे स्टेजवर येतात, बऱ्याचदा तिथलेच किंवा शेजारच्या राज्यातले, ज्यांना तुम्ही मुंबईत कधीच ऐकणार नाही आहात, ते अर्ध्या मैदानासमोर गातात. मोठं नाव सहा महिन्यांनी अंधेरीत किंवा कोरेगाव पार्कात येईलच. या माणसांसाठी तुम्ही इतक्या लांब आलेले आहात.

आणि शांत संगीत आधी ऐकण्यात कानाचाही फायदा आहे. तासभर ड्रम ऐकल्यावर एकट्या गिटारचं बारीक काम ऐकू येत नाही. शांत गाण्यापासून सुरुवात करून मोठ्या बँडकडे गेलात तर प्रत्येक बँड मागच्यापेक्षा भरलेला वाटतो.

उभं कुठे राहायचं तर, एकट्या गायकाला पुढे, अगदी जवळ, बोटं दिसतील असं. मोठा बँड आला की मागे सरका आणि साउंड कन्सोलच्या आसपास थांबा, तो माणूस जिथे बसून आवाज जुळवतो तिथे सगळ्यात सारखा आवाज येतो. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात, चार रात्रींसाठी दोन जोड्या घ्या, गाणं ऐकू येतं फक्त कानातली शिट्टी वाचते.

मधला वेळ, म्हणजे एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंत, हा अजिबात फुकट नसतो. सगळे बारकडे पळतात, तुम्ही एकदा तरी तिथेच थांबून बघा. दमट थंडीत तारा जागेवर राहत नाहीत, तर गिटारवाला स्टेजच्या कडेला अंधारात मान वाकवून, डोक्यावरच्या छोट्या बॅटरीच्या उजेडात एकेक खुंटी पिळतोय, मधेच थांबून फुंकर मारून बोटं गरम करतोय. साउंडवाला एखाद्या लोकवाद्यापुढे माइक कुठे धरायचा ते शोधतोय, जवळ नेला की शिट्टी, लांब नेला की आवाज गायब, मग वाजवणारे काका स्वतःच माइक हातात घेऊन बरोबर जागा दाखवतात. हे बघितल्यावर पुढची चाळीस मिनिटं तुम्ही वेगळ्याच लक्षाने ऐकता.

७. अंगावर आणि पिशवीत काय

झिरो सुमारे १५०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा थोडं उंच, आणि त्या वेळी पाऊस पूर्ण गेलेला नसतो. दिवसा टी-शर्ट, रात्री जॅकेट. गमबूट हवेतच. घरून ओझं नेऊ नका, हापोलीच्या बाजारात मिळतात, तिथली माणसं शेतात तेच घालतात. फक्त पाय फार मोठा असेल तर मात्र घरूनच न्या. लोकरी मोजे दोन-तीन जोड.

पावसासाठी पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट. छत्री नको, कृपा करून नको, मागच्या दहा माणसांना स्टेज दिसत नाही.

बाकी: हेडलॅम्प, पॉवर बँक, रोख पैसे (गर्दीत रेंज गेली की यूपीआय चालत नाही, एटीएम हापोलीत, आणि फेस्टिव्हलच्या दिवसांत तिथे रांग), स्वतःची पाण्याची बाटली कारण प्लास्टिक तिथे खपवून घेत नाहीत आणि ते योग्यच आहे, बसायला एक वॉटरप्रूफ शीट, आणि रोजची औषधं मोजून. सवाईला सतरंजी टाकून पाच तास बसायची सवय असेल तर लक्षात ठेवा, इथे बहुतांश उभं राहायचं आहे. गुडघ्याचा त्रास असेल तर घडीचं छोटं स्टूल आत नेऊ देतात का ते आधी आयोजकांना विचारून घ्या.

८. खाणं-पिणं जपून

स्टॉलवर बांबूतलं मांस, भात, मासे, मोमो सगळं मिळतं. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत पण पर्याय कमी, आणि फोडणीत काय आहे ते विचारलेलं बरं. पिका पिला नावाचं आपातानी लोणचं असतं, बांबूचे कोंब आणि डुकराची चरबी, खात असाल तर भाताबरोबर नक्की घ्या.

अपोंग म्हणजे तांदळाची बिअर. गोडसर लागते, सरबतासारखी जाते, आणि दोन पेल्यांनंतर तिसरा बँड आठवत नाही. संगीतासाठी आलायत तर शेवटच्या बँडपर्यंत एकाच पेल्यावर राहा. किवीची वाइनही इथलीच प्रसिद्ध आहे, ती बाटली घरी न्या.

९. वागणं

गाणं चालू असताना बोलू नका. हे मी पोटतिडकीने सांगतेय. मोठ्या बँडच्या वेळी खपून जातं पण एकटी मुलगी युकुलेले घेऊन गातेय आणि शेजारी आपल्याकडचा ग्रुप मराठीत फ्लॅटच्या भाड्यावर बोलतोय हे ऐकलंय आणि वाईट वाटलंय. बोलायचं असेल तर मागे जायला भरपूर जागा आहे. व्हिडिओ एका गाण्याचा घ्या, फोन छातीच्या उंचीवर धरून, मग खिशात.

गावात फिरताना वयस्कर आपातानी आज्यांच्या चेहऱ्यावर गोंदण आणि नाकात गोल चकत्या दिसतील. विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नका. नको म्हणाल्या तर नको. भातशेतीच्या बांधावर चालताना जपून, त्या पाण्यात भाताबरोबर मासेही पाळलेले असतात, ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे. आणि फेस्टिव्हलच्या दिवसांत पीक पिवळं व्हायला आलेलं असतं, फोटोसाठी आत शिरणं तर अजिबात नको.

१०. दुसऱ्या दिवशी आणि परतताना

सकाळी उठल्यावर, डोकं ताजं असताना, काल रात्री ज्यांनी धरून ठेवलं त्यांची नावं वहीत लिहा आणि कुठलं गाणं तेही. चार रात्रींत वीसेक कलाकार होतात, घरी आल्यावर सगळी सरमिसळ होते. मग त्यांना फॉलो करा, अल्बम विकत मिळत असेल तर घ्या, स्टॉलवर टी-शर्ट असेल तर तो घ्या. अशा बँडना स्ट्रीमिंगमधून फार थोडं मिळतं, एका टी-शर्टचा उपयोग जास्त होतो.

आवडलेले कलाकार दिवसा मैदानात, चहाच्या टपरीवर दिसतात. जाऊन "काल तुमचं ते दुसरं गाणं फार आवडलं" एवढं सांगा. गाण्याचं नाव घेऊन बोललात की माणूस खुलतो, गाणं कुठून आलं, आजीकडून शिकलं की स्वतः लिहिलं, सगळं सांगतो. सेल्फीचं नंतर बघा.

परतीची सुमो शेवटच्या रात्रीच्या दोन दिवस आधी बुक करा, कारण शेवटच्या सकाळी अख्खं मैदान एकाच रस्त्याने खाली उतरत असतं. आणि गुवाहाटीचं विमान त्याच्या दुसऱ्या दिवशी नको, मधे एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. दरड पडली तर कामी येईल, नाही पडली तर गुवाहाटीत झोप काढा.